चिठ्ठी घेऊन पोरगं कुठं जातं?

(वस्तीतल्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला थोडा मजकूर इथं पुन्हा घातला आहे.)



माझ्या खिशात एक चिठ्ठी आहे. घामानं मऊ पडलीय, घडीवर फाटत आलीय. तिच्यावर माझ्या भाच्याचं नाव, वय दोन वर्षं सात महिने, आणि खाली एक शब्द: रेफर. ही चिठ्ठी मिळाली त्याला सात महिने झाले. पोरगं आता तीन वर्षं दोन महिन्यांचं आहे. चिठ्ठी अजून खिशातच आहे. या सात महिन्यांत ती कुठं कुठं फिरली तेवढंच मी आज सांगणार आहे. कविता वाचा म्हणाला होतात. कविता पुढच्या वेळी.

माझी बहीण पलीकडच्या टॉवरमध्ये कामाला जाते. बाराव्या मजल्यावर एक पोरगं सांभाळते. ते पोरगं आणि तिचं स्वतःचं पोरगं यांच्यात दोन महिन्यांचं अंतर. बाराव्या मजल्यावरचं पोरगं दीड वर्षाचं झालं तरी नावानं हाक मारली की वळेना, बोट दाखवेना, तर घरात धावपळ सुरू झाली. आजी म्हणाली काहीतरी चुकतंय. मुलांचा डॉक्टर म्हणाला थांबायला नको. पंधरा दिवसांत तपासण्या झाल्या आणि आठवड्यातून दोनदा खेळ शिकवणाऱ्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईकडं जाणं सुरू झालं. गाडीत पोराला मांडीवर घेऊन कोण जातं? माझी बहीण. खोलीच्या बाहेर पिशवी धरून कोण बसतं? माझी बहीण. आणि दार अर्धं उघडं असलं की आतले प्रश्न तिच्या कानावर पडायचे. हाक मारल्यावर बघतो का? काही हवं असलं तर बोट दाखवतो का? दोन शब्द जोडून बोलतो का?

ती मला म्हणाली, "दादा, त्या प्रश्नांची उत्तरं मी बाहेर बसून मनातल्या मनात देत होते. त्यांच्या पोराची नाही. आपल्या पोराची."

दुसऱ्याच्या पोराचा रोग शोधला जात असताना माझ्या बहिणीला तिच्या पोराचा रोग कळला. हा फुकटचा दवाखाना तिला पगारात मिळाला. बाराव्या मजल्यावरच्या लोकांवर माझा राग नाही. त्यांनी पोरासाठी केलं ते प्रत्येक बापानं करावं असंच आहे. माझा प्रश्न दुसरा आहे. दोन्ही पोरं बोलत नव्हती. एकाचं न बोलणं दीड वर्षाला दिसलं. दुसऱ्याचं अडीच वर्षांपर्यंत कुणालाच का दिसलं नाही?

कारण बाराव्या मजल्यावरच्या पोरानं बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. दीड वर्षाचा झाला की त्यानं गाणं म्हणावं, ए-बी-सी म्हणावं, पाहुण्यांना नमस्कार करावा. अपेक्षा होती म्हणून चूक दिसली. आमच्या पोराकडून कोण काय अपेक्षा करतो? तो रडत नाही, त्रास देत नाही, चाळीच्या दारात डबा वाजवत बसतो, म्हणजे गुणी पोरगं! शेजारीण म्हणाली, मुलगे उशिराच बोलतात. सासू म्हणाली, याचा मामा पण उशिरा बोलला. (मामा म्हणजे मी. उशिरा बोललो आणि आता थांबत नाही, हे खरं आहे.) अंगणवाडीची ताई म्हणाली, वजन बरोबर आहे ना, मग झालं. पोरगं वजनात पास झालं. ताईला मी दोष देत नाही. मानधनावर राबणारी बाई, एका हातात वजनकाटा, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात माहिती भरली नाही तर वरून बोलणी. अंगणवाडीची योजना १९७५ साली देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, तेव्हापासून आपल्या पोराचं पोट हे तिचं पहिलं काम आहे आणि ते असायलाच पाहिजे. पण पोटाच्या वर पोराला डोकं असतं, कान असतात, मन असतं, हे कुणी मोजायचं?

आता कागदावर काय आहे ते ऐका, कारण कागद वाचल्याशिवाय भांडता येत नाही. २०१३ सालच्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांची तपासणी. जन्मल्यावर दवाखान्यात, घरी आलं की आशाताईच्या नजरेखाली, सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत वर्षातून दोनदा, पुढं शाळेत वर्षातून एकदा. फिरतं पथक येणार, त्यात डॉक्टर, नर्स, औषधवाला. एकूण तीस दुखणी बघायची. त्यात वाढीची नऊ: डोळे, कान, हातापायांचा लुळेपणा, उशिरा चालणं, उशिरा समजणं, उशिरा बोलणं, स्वमग्नता, शिकण्यातली अडचण, अतिचंचलपणा. ज्याच्यात काही दिसलं त्याला चिठ्ठी द्यायची आणि जिल्ह्याच्या केंद्राकडं पाठवायचं. तिथं मुलांचा डॉक्टर, कानाचा तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, व्यायाम घेणारा, सगळे एका छपराखाली. तपासणी फुकट, उपचार फुकट. मी ही सगळी योजना रात्रपाळीत मोबाईलवर वाचली. वाचून मला वाटलं, च्यायला, हा देश किती चांगला आहे.

पथक आमच्याकडं आलं त्या दिवशी अंगणवाडीत पन्नासएक पोरं कोंबली होती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण पन्नास पोरं आणि दोन तास, गणित तुम्हीच करा. कान कसा तपासला? मागून टाळी वाजवली. पोरगं वळलं. झालं, कान ठीक.

पोरगं का वळलं ते मी सांगतो. मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटात माल लावताना विंचचा, साखळीचा एवढा आवाज असतो की माणसाचा आवाज ऐकू येत नाही. तिथं आम्ही हातानं बोलतो. हबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे खाली सोड, पण तोंडानं ओरडून उपयोग नाही. वरचा माणूस हात फिरवतो आणि क्रेनवाला समजतो. घरी आल्यावर भाच्याशी मी तसाच खेळायचो. मी अंगठा वर केला की तो डबा उचलायचा, पंजा खाली केला की ठेवायचा. आम्ही सगळे खूष! पोरगं किती हुशार, मामाच्या गोदीची भाषा शिकला. आणि तिथंच आम्ही फसलो. त्याला सगळं कळत होतं ते डोळ्यांनी. जमिनीवर पाय आपटला की त्याला हादरा कळायचा, दार उघडलं की उजेड हलायचा, मागून टाळी वाजवली की समोरच्या पोराची नजर कुठं गेली ते बघून तो वळायचा. बहिरं पोरगं असं चोवीस तास पहारा करतं. टाळीच्या तपासणीला ते सहज फसवतं, आणि त्यात पोराचा दोष नाही.

चिठ्ठी मिळाली ती बहिणीनं डॉक्टरीणबाईंचा पदर धरला म्हणून. पदर म्हणजे खरंच पदर. बाराव्या मजल्यावर ऐकलेले प्रश्न तिनं पाढ्यासारखे म्हणून दाखवले. तेव्हा बाईंनी वर बघितलं आणि लिहिलं: रेफर.

आता खेपा. पहिल्या खेपेला कळलं की हा विभाग आज बंद, आठवड्यातून दोनच दिवस असतो. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला केसपेपर निघाला, मुलांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मानसतज्ज्ञाकडं पाठवलं. तिसऱ्या खेपेला तिथं नंबर लागला. तिथं जे झालं ते मला जरा सावकाश सांगायचं आहे.

तिथल्या माणसानं फॉर्म काढला आणि बहिणीला विचारायला सुरुवात केली. नाव घेतल्यावर येतो का? नाही. सांगितलेलं काम करतो का? नाही. गोष्ट ऐकतो का? नाही. आपलं नाव सांगतो का? नाही. खाली बेरीज झाली आणि कागदावर आलं: बौद्धिक अक्षमता असण्याची शक्यता. तोंडानं काय म्हणाला? जुना शब्द. मतिमंद. अरे, ते सगळे 'नाही' कानाचे होते आणि बेरीज डोक्याच्या खात्यावर जमा झाली! त्याच टेबलावर लाकडाची पाटी होती, खाचांत गोल, चौकोन, चांदणी बसवायची. पोरगं आपणहून पुढं झालं आणि सगळे आकार पटापट बसवून मोकळं झालं. बहीण म्हणाली, साहेब, बघा. साहेब लिहीत होते.

ही मापं कुठून आली ते जरा बघू या, कारण आपल्या आयुष्यावर शिक्का मारणाऱ्या वस्तूची जात आपल्याला माहीत पाहिजे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी बुद्धीची पहिली चाचणी केली. शाळेत मागं पडणारी पोरं शोधून त्यांना जादा शिकवावं, हा हेतू. बुद्धी म्हणजे जन्माला येताना कपाळावर लिहिलेला आकडा, असं बिने मानत नव्हता. ती चाचणी इकडं आली, व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बसवली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही दाखल्यांसाठी वापरतात. नागपूरच्या मालिन यांनी अशीच आणखी दोन मापं भारतीय पोरांसाठी करून घेतली, तीही चालतात. या माणसांनी काम केलं, मी त्यांना शिव्या देत नाही. पण मराठी मुलांसाठी म्हणजे कुठल्या मराठी मुलांसाठी? ज्या घरात पुस्तकातली मराठी बोलतात तिथल्या पोराला पट्टी लावायची आणि त्याच पट्टीनं फुटपाथवरचं पोरगंही मोजायचं? आणि मोजण्याआधी त्याला ऐकू येतं का हे न बघता? आधी कान, आधी डोळे, मग डोकं. हा साधा क्रम आहे. तो क्रम बाराव्या मजल्यावरच्या पोराच्या बाबतीत कुणी चुकवला नाही.

इथं गंमत बघा. आमच्याकडून अपेक्षाच नाही म्हणून पोराचं बहिरेपण अडीच वर्षं दिसत नाही, आणि दिसल्यावर लगेच ढ म्हणून शिक्का मारायला हात शिवशिवतो, कारण आम्ही ढ असणार ही मात्र अपेक्षा तयार असते. बाबासाहेबांना शाळेत बारदानावर बसवलं. आज बारदान नाही, आज फॉर्म आहे. बसायची जागा तीच, कोपऱ्यातली.

आणखी एक. या गोदीपासून पायी जावं एवढ्या अंतरावर नागपाड्यात १९३६ साली समाजकार्याचं कॉलेज निघालं, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. त्या संस्थेनं १९३७ साली मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं, देशातलं पहिलं. म्हणजे आपल्या आजोबांनी पाठीवर गोणी वाहिल्या तेव्हापासून या शहराला माहीत आहे की पोराच्या मनाचंही बघावं लागतं. इतकी वर्षं माहीत आहे! आपल्या गल्लीपर्यंत ते चालत आलं असतं तरी पोचलं असतं.

मनाचं बोललो म्हणून सांगतो. मागच्या पावसाळ्याआधी रेल्वेच्या कडेच्या झोपड्या पाडल्या. त्यातली एक चार वर्षांची पोरगी आता मावशीकडं आपल्या गल्लीत राहते. आधी बोलायची, गाणी म्हणायची. आता बोलत नाही. जेसीबीसारखा आवाज आला की खाटेखाली जाते, झोपेत मुतते. मी पथकाच्या यादीत शोधलं. तीस दुखण्यांत तिचं दुखणं नाही. उशिरा बोलणं आहे. बोलून गप्प होणं नाही. तिला चिठ्ठी मिळायची तर कुठल्या रकान्यात? मावशी तिला दर्ग्यात घेऊन गेली. तुम्ही हसू नका. दर्ग्यात तिला कुणी परत पाठवलं नाही, तारीख दिली नाही. २०२२ साली सरकारनं टेलि-मानस म्हणून फोन सुरू केला, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात. मावशीला मी नंबर लिहून दिलाय. फोनवरचा माणूस निदान कुठं जायचं ते सांगेल. पण घर पाडणाऱ्यांच्या गाडीबरोबर पोलीस येतो, पोरांसाठी कुणी येत नाही, हे या सभेनं नोंदवून ठेवावं.

परत भाच्याकडं. चौथ्या खेपेला कानाच्या विभागात पोचलो. तिथल्या पोरीनं, शिकाऊच होती, पाच मिनिटांत ओळखलं. तिनं मागून आवाज केला पण आधी त्याच्यापुढचं सगळं झाकलं, सावलीसुद्धा पडू दिली नाही. वळला नाही. ती म्हणाली, याची बेरा करावी लागेल. बेरा म्हणजे डोक्याला तारा चिकटवून, कानात आवाज सोडून, तो आवाज मेंदूपर्यंत जातो का ते यंत्रावर बघतात. त्यासाठी पोरगं गाढ झोपलेलं पाहिजे. तारीख मिळाली अडीच महिन्यांनंतरची. रात्रभर जागं ठेवा आणि सकाळी आणा.

रात्रभर जागं ठेवलं. बहीण, मी, मेव्हणा, पाळीपाळीनं. सकाळी लोकलच्या गर्दीत पोरगं खांद्यावर झोपलं. दवाखान्यात नंबर येईपर्यंत साडेतीन तास झोपलं. यंत्राजवळ नेलं आणि टक्क जागं! औषध पाजलं, ओकलं. पुढची तारीख.

सहा आणि सात या खेपा दाखल्यांच्या. कानाचं यंत्र सरकारी योजनेतून मिळतं, पण उत्पन्नाचा दाखला पाहिजे, आणि ठेकेदाराच्या हाताखालच्या माणसाला उत्पन्नाचा कागद कोण देतो? सात खेपा म्हणजे बहिणीचे सात खाडे. दोन वेळा पगार कापला, एकदा बाराव्या मजल्यावरची बाई म्हणाली, अगं असं सारखं कसं चालेल? त्याच दिवशी तिच्या पोराला बोलायच्या बाईकडं न्यायचं होतं.

लोक म्हणतात, हे लोक चिठ्ठी देऊनही येत नाहीत, यांना पोराची काळजी नाही. चिठ्ठी पायांनी चालत नाही, राजे हो. ती एका बाईच्या रोजावर चालते. रोज संपला की चिठ्ठी थांबते.

आणि वेळ थांबत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यात तपासावं, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू, असं डॉक्टरी शास्त्र सांगतं. झोपलेल्या तान्ह्याच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत पहिली तपासणी होते. आमचं पोरगं जन्मलं त्या दवाखान्यात ते झालं नाही. कानात बसवायच्या ऑपरेशनची सरकारी मदत अशा पोरांना पाच वर्षांच्या आत मिळते. पाच वजा तीन वर्षं दोन महिने. उरले बावीस महिने, आणि आम्ही अजून यंत्रासमोर झोपायला शिकतोय.

एक वाद मी इथंच घालून ठेवतो. एक जण आम्हाला म्हणाला, हातवारे बंद करा, नाहीतर पोरगं आळशी होईल, बोलणारच नाही. मला हे पटत नाही. हाताची भाषा ही भाषा आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था निघाली, २०२१ पर्यंत तिच्या कोशात दहा हजार शब्द झाले. माझ्या भाच्याला यंत्र मिळेल, ऑपरेशन होईल, न होईल. तोपर्यंत त्याच्या डोक्यात काहीच भाषा जाऊ द्यायची नाही? भूक लागली, पोट दुखतं, मामा मला भीती वाटते, हे त्यानं कशानं सांगायचं? मी हात बंद करणार नाही. शिकाऊ पोरीनं मला हळूच सांगितलं, करू नका.

२०१८ साली देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या पोरांचा अभ्यास छापून आला, त्यात उत्तर गोवाही होता. साधारण आठ पोरांत एकाला असलं काहीतरी असतं, असं निघालं. आपल्या गल्लीतली पोरं मोजा आणि आठानं भागा. चिठ्ठी किती जणांना मिळालीय? मला तिघं माहीत आहेत. बाकीची पोरं गुणी, गप, मठ्ठ, द्वाड, बाधा झालेली, अशी आपल्या आजूबाजूला हिंडताहेत.

म्हणून कामाचं बोलतो. वॉर्ड ऑफिसवर मोर्चा न्यायचा तर मागणी नीट पाहिजे. प्रसूतीच्या दवाखान्यातून पोरगं घरी जायच्या आत त्याचा कान तपासा. चिठ्ठीवर वार आणि वेळ लिहा, आणि तिचा अर्धा भाग अंगणवाडीत परत आला पाहिजे, पोरगं पोचलं की नाही हे चिठ्ठी देणाऱ्यानं बघायचं. आईला त्या दिवसाचा रोज द्या. हे सगळं मिळेपर्यंत आपण काय करायचं? आपण कविता लिहिणारी, पोस्टर चिकटवणारी पोरं, आपल्याला पक्षांच्या फुटी तारखांसह पाठ आहेत. आता हेही पाठ करा: दोन महिन्यांचं पोरगं हसतं, चार-पाच महिन्यांत मान धरतं, आठाच्या आसपास बसतं, दीड वर्षाला चालतं, दोन वर्षाला दोन शब्द जोडतं. थोडं मागंपुढं होतं, पण फार मागं असलं तर 'होईल हळूहळू' म्हणायचं नाही. आणि जी बाई चिठ्ठी घेऊन निघेल तिच्याबरोबर आपल्यातला एक जण जायचा. रांगेत उभा राहायचा. टेबलापलीकडचा माणूस 'मतिमंद' म्हणाला तर विचारायचं, कान तपासला का?

आता शेवटचं, मग चहा. बेराची दुसरी तारीख येत्या मंगळवारी आहे. सोमवारी रात्री मेव्हण्याची पाळी आहे, माझी पण जहाजावर आहे, आणि खाडा केला तर मुकादम दुसरा माणूस घेईल. बहीण एकटी रात्रभर पोराला जागं ठेवू शकणार नाही, तिला सकाळी सहाला रांगेत उभं राहायचंय. मला दोन माणसं पाहिजेत. रात्री दहा ते पहाटे पाच. त्याच्याशी खेळायचं, बस. अंगठा वर केला की तो डबा उचलतो, पंजा खाली केला की ठेवतो. पहाटे लोकलमध्ये मात्र झोपू द्यायचं नाही, खिडकीशी उभं करायचं, बाहेरचं दाखवत राहायचं. कोण येतंय, हात वर करा.